जुनी संपू दे

पुण्यात थंडी पडली हे स्वेटरवरून ओळखायचे दिवस गेले. आमच्या घरी ती आईच्या एका प्रश्नावरून कळते. मार्गशीर्ष संपत आला की सकाळच्या चहाला ती बशीकडे बघत, उगाच आठवलं म्हणून विचारल्यासारखं विचारते, "मंडईत ओली लाल आली का रे?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. "आली" म्हटलं तर "मग आणली का नाहीस?" आणि "नाही आली" म्हटलं तर "तू कधी गेला होतास मंडईत?" मी सदतीस वर्षं हिशेब खात्यात काढली. लेखापरीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत निवृत्त झालो. पण असा दोन्हीकडून बांधलेला प्रश्न मला एकाही लेखापरीक्षकाने विचारला नाही.

ओली लाल म्हणजे झाडावरच पिकून लाल झालेली ताजी मिरची. हिरवी बारा महिने मिळते, वाळकी बारा महिने मिळते. ही मधली मात्र थंडीतल्या मोजक्या आठवड्यांची पाहुणी. तेवढ्यात तिला गाठून बरणीत बसवली की वर्षाची ददात मिटली. आमचं मूळ बार्शीचं. तिकडे आणि मराठवाड्यात या मिरचीचा रंजका करतात. मीठ-लिंबू घालून वाटलेली मिरची, तिच्यात तळून कुटलेली मेथी आणि हिंग, वर गार केलेली फोडणी. खाताना चमचाभर घ्यायचा, त्यावर कच्चं तेल किंवा सायीचं दही आणि ज्वारीची भाकरी. तोफेला बत्ती देताना तिच्या कानात जी दारू घालत तिलाही जुन्या मराठीत रंजक म्हणत. या दोन शब्दांचं नातं भाषाशास्त्राला मान्य आहे की नाही ते शास्त्री जाणोत. माझ्या जिभेला मान्य आहे.

तर मंडई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे दुखतात म्हणून ती देवळात जात नाही, देवच समजून घेतो. ओल्या लाल मिरचीसाठी मात्र ती रिक्षाने मंडईत येते, कारण भाजीवाला समजून घेत नाही. ती आधी देठ बघते. देठ हिरवा म्हणजे कालची तोड, काळपट म्हणजे चार दिवस पडून असलेली. मग एक मिरची उचलून कटकन मोडते आणि हुंगते.

"आजी, मोडू नका हो," भाजीवाला म्हणतो.

"मोडल्याशिवाय कळणार कसं?"

"ब्याडगी जात आहे आजी. रंग बघा की नुसता."

"रंग खायचाय का मला?"

ब्याडगीबद्दल आईच्या मनात थोडी अढी आहे. ही मिरची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली. रंगाला गर्द, अंगाला सुरकुतलेली आणि स्वभावाला मवाळ. आईच्या मते जी मिरची दिसते एक आणि लागते दुसरं तिच्यावर विश्वास ठेवू नये. संकेश्वरी तिला चालते, कारण ती तोंडावर बोलते. शेवटी दोघींचं मिश्रण घेतलं जातं. चार किलो रंगासाठी, एक किलो खरं बोलण्यासाठी. भाव ठरतो, पिशवी माझ्या हातात येते आणि आई भाजीवाल्याला सांगते, "मोडलेल्या दोन वजनात धरू नकोस." मोडल्या तिनेच.

घरी आल्यावर मिरच्या धुवायच्या, पंचावर पसरायच्या आणि मग एकेक पुसायची. हे "एकेक" महत्त्वाचं आहे. पाण्याचा थेंब राहिला की बुरशी आलीच म्हणून समजा. पुसायचं काम निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे आलं. पेन्शनची कागदपत्रं यायच्या आधी आलं. पाच किलोत मिरच्या किती असतात हे जगात फार लोकांना ठाऊक नसेल. मला आहे. सातशे बेचाळीस. हिशेब खात्याची सवय, दुसरं काय!

पुसून झाल्या की देठ काढायचे. हे काम पहिल्या शंभरापर्यंत सोपं वाटतं. दोनशेच्या पुढे बोटांच्या टोकांना काहीतरी कळायला लागतं. चारशेच्या आसपास नाकाला खाज सुटते, आणि माणूस किती बेसावध प्राणी आहे याचा प्रत्यय तिथे येतो. आई दर वर्षी सांगते, "आधी हाताला तेल चोळून बस." दर वर्षी मी म्हणतो, "काही होत नाही." दर वर्षी होतं. पहिल्या वर्षी तर मी नळाखाली हात धरून उभा राहिलो. पाणी वाहत होतं आणि आग अधिकच पसरत होती.

"पाण्याने नाही जाणार बाबा," मुलगी मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली. ती जैवतंत्रज्ञान शिकते. "कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं."

"मग मी काय म्हणत होते?" आई म्हणाली आणि माझ्या हातावर चमचाभर गोडंतेल ओतलं.

मुलीने मग पुढचंही सांगितलं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी एक पहारेकरी असतो, साधारण 43 अंशांच्या वर ताप गेला की तो "भाजलं, भाजलं" म्हणून ओरडतो. कॅप्सेसिन नेमकं त्याच पहारेकऱ्याचं कुलूप उघडतं. म्हणजे हात भाजलेला नसतो, मेंदूला नुसती तशी तार जाते. हे मिरचीच्याच मदतीने शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना 2021 सालचं वैद्यकाचं नोबेल दोघांत मिळून मिळालं. मी तेलकट हात वर धरून बसलो होतो. म्हटलं, हा प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात दर पौषात होतो, स्वीडनहून अजून कोणी आलं नाही.

मिरचीने मिळवून दिलेलं हे एकच नोबेल नव्हे. हंगेरीत सेगेड नावाचं मिरचीचं गाव आहे. तिथे अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी नावाचे शास्त्रज्ञ क जीवनसत्त्वाच्या मागे लागले होते. ते पुरेसं मिळेना. एका रात्री बायकोने जेवणात ताज्या मिरच्या वाढल्या. त्यांना त्या खायच्या नव्हत्या आणि तसं म्हणायचा धीरही होत नव्हता, म्हणून त्या घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. मिरचीत ते जीवनसत्त्व भरभरून सापडलं. 1937 साली नोबेल. ही हकीकत त्यांनीच सांगून ठेवली आहे, त्यामुळे नवऱ्यांच्या बाजूचा तो विश्वासार्ह पुरावा मानायला हरकत नाही. पानातलं नको असलेलं पोळीखाली लपवणारे आम्ही, नोबेलपासून किती जवळ असतो आणि किती लांब!

देठांनंतर वाटण. पूर्वी पाटा-वरवंटा होता. आता मिक्सर आहे, आणि मिक्सरचं झाकण उघडताना घरातल्या प्रत्येकाने कुठे उभं राहायचं हे ठरलेलं आहे. आई देवघराजवळ, मुलगी बाल्कनीत, बायको माहेरी फोनवर. झाकण मी उघडतो. त्यानंतर मला येणारा ठसका तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो असं म्हणतात. मागे एकदा खालच्या वहिनी घाबरून वर आल्या होत्या. जाताना वाटीभर रंजका घेऊन गेल्या. आता ठसका ऐकला की त्या वाटी घेऊनच येतात.

बरणी मात्र मिक्सरच्या काळातही बदललेली नाही. चिनी मातीची, पिवळसर पोटाची, तपकिरी खांद्याची. आदल्या दिवशी ती उन्हात तापवायची. मग निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून वर बरणी पालथी धरायची. आमच्याकडे गॅस असल्याने निखारा म्हणजे नारळाच्या करवंटीचा एक जळता तुकडा. हिंगाची करडी धुरी बरणीच्या पोटात कोंडते, कडेने थोडी निसटते आणि पुढचे दोन दिवस घरातल्या पडद्यांना लोणच्याच्या दुकानाचा वास येतो. मग मीठ. आईचं प्रमाण किलोला पाव किलो. डॉक्टरांनी तिला मीठ कमी करायला सांगितलं आहे. "ते जेवणातलं," असं ती म्हणते. "हे बरणीतलं."

मुलीने एकदा आजीला घाबरवायचा प्रयत्न केला. तेलाखाली हवा पोचत नाही, अशा ठिकाणी बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, त्यांचं विष फार वाईट, वगैरे.

"मग काय करतात?" आजीने शांतपणे विचारलं.

"आंबटपणा वाढवायचा. पीएच 4.6च्या खाली ठेवायचा."

"म्हणजे लिंबू पिळायचं."

"हो."

"किलोला बारा पिळते मी. तुझं ते साडेचार होतं का त्यात?"

मुलीने परीक्षेत वापरायची पट्टी रसात बुडवून पाहिली. होत होतं. चांगलंच होत होतं. तेव्हापासून आजीचा विज्ञानावर विश्वास बसला आहे. ते बरोबर सांगतं, फक्त उशिरा सांगतं, असं तिचं मत आहे.

ही मिरची मुळात आपली नाही, पोर्तुगीजांनी ती अमेरिकेकडून समुद्रमार्गे आणली, हे मात्र आई अजून मानत नाही. मी तिला समजावून सांगितलं की ज्ञानेश्वरांनी मिरची पाहिलीसुद्धा नव्हती. मुक्ताबाईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले म्हणतात, पण त्या मांड्यांना तोंडी लावायला ठेचा असणं शक्य नव्हतं. तेव्हा तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. मिरची हे नावच मिरीवरून पडलेलं. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तरीच एकविसाव्या वर्षी समाधी घेतली." असं बोलू नये हे तिलाही कळलं असावं, कारण लगेच तिने देवघराकडे बघून हात जोडले.

आता दुसरं खातं. माझी बायको चिपळूणची. तिच्या माहेरी रंजका हा शब्द कोणाला ठाऊक नाही. तिच्याकडे सांडगी मिरची. त्यासाठी जाड, फिकट हिरवी, कमी तिखट मिरची लागते. देठ ठेवून मधोमध चीर द्यायची, आत धने, जिरे, मेथी, हळद, हिंग, मीठ यांचं जाडसर कूट भरायचं आणि दह्यात बुडवायची. दिवसा उन्हात, रात्री परत दह्यात. दह्याचं पाणी पुरतं पिऊन झालं की कडक वाळवायची. पावसाळ्यात तेलात काळपट तळून दहीभातात चुरायची. हा उद्योग चैत्रात चालतो. म्हणजे आमच्या घरात पौष सासूचा आणि चैत्र सुनेचा. दोन्ही खात्यांत शिपाई एकच.

एकमेकींच्या मालाबद्दल दोघीही फार सभ्य बोलतात. "आई, तुमचा रंजका छानच होतो हो, पण पित्त होतं ना," असं बायको म्हणते. "तुझी मिरची चांगली खुसखुशीत असते गं, मिरचीसारखी लागतच नाही," असं आई म्हणते. मला विचारलं तर मी भाताबरोबर सांडगी आणि भाकरीबरोबर रंजका घेतो. नेहरूंच्या अलिप्ततावादाला एवढी वर्षं झाली, तो इतक्या निष्ठेने अजून कोण पाळत असेल?

चैत्रात शिपायाचं काम गच्चीवर असतं. मिरच्यांच्या ताटांशेजारी काठी घेऊन बसायचं. मला वाटायचं, मिरची खायला कोण येणार? कावळे आले. एकाने तर मसाल्यासकट एक उचलली, टाकीवर बसून खाल्ली आणि दुसरी न्यायला आला. मुलीला विचारलं. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही म्हणे. ते बिया न चावता गिळतात आणि लांब नेऊन टाकतात, झाडाची सोय होते. आपण सस्तन प्राणी दाढेखाली बिया भरडतो, म्हणून आपल्याला दूर ठेवायला मिरचीने हे तिखट तयार केलं. म्हणजे काठी घेऊन ज्याला हाकलत होतो तो निमंत्रित पाहुणा होता आणि ज्याला पिटाळायला एवढी दारूगोळ्याची तयारी होती तो मी, छत्री घेऊन राखण करत बसलो होतो. आणि तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो, हेही कळलं. बायको इतकी वर्षं बिया काढून टाकत होती आणि शीर ठेवत होती. मी कधीच बोललो नाही. अजून बोललेलो नाही. हा लेख छापून आला की बघू.

वळवाची सर आली की खरी परीक्षा. सोसायटीच्या गच्चीवर त्या दिवसांत चार घरांचे पापड, दोन घरांच्या कुरडया आणि आमची मिरची असते. पहिला थेंब पडताच जिन्यावर जी पळापळ होते तीत आपापली ताटं कोण ओळखणार? गेल्या वर्षी आमची दोन ताटं आली, तिसऱ्यात दुसऱ्याच कोणाचे साबुदाण्याचे पापड निघाले. पापड आम्ही परत केले. मिरच्या आल्या नाहीत.

आमची तीन ताटं. तिकडे नंदुरबारला अख्ख्या गावाभोवतालच्या मोकळ्या जागा थंडीत लाल झालेल्या असतात. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती घेतात आणि उघड्या रानात पसरतात. त्याला तिथे पथारी म्हणतात. नजर पोचेल तिथपर्यंत मिरची, तोंडाला फडकी बांधून ती वरखाली करणाऱ्या बायका आणि हवेत असा खाट की माझा मिक्सर लाजून झाकण लावून घेईल. अवकाळी पाऊस आला की त्या पथाऱ्यांची काय गत होते हे दर एक-दोन वर्षांनी पेपरात येतं. मी ती बातमी पूर्वी वरवर वाचायचो. ते तिसरं ताट गेल्यापासून पुरती वाचतो.

या सगळ्या खटपटीनंतर माणसाला वाटेल की आम्ही ताजा रंजका चवीने खात असू. चुकीचं आहे. माझी खरी तक्रार इथेच आहे. नवी बरणी भरली, दादरा बांधला, की ती फडताळात मागच्या रांगेत जाते. पुढे असते गेल्या वर्षीची. आणि आमच्या घराचा, मला वाटतं महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांचा, अलिखित कायदा असा की जुनी संपल्याशिवाय नवीला हात लावायचा नाही. लोणचं, तिखट, गूळ, साबण, टॉवेल, सगळ्यांना हेच कलम.

हिशेबाला हे बरोबर आहे. आधी आला तो माल आधी जायचा, गोदामात आम्ही हेच शिकवायचो. पण घरात एक घोळ होतो. रंजका पुरवून खायची आईची पद्धत अशी, की बारा महिन्यांसाठी केलेली बरणी चौदा महिने चालते. त्यामुळे सात वर्षांत बरण्या भरतात सात आणि रिकाम्या होतात सहा. एक शिल्लक. आम्ही नेहमी जुनाटच खातो आणि नवा रंजका मागच्या रांगेत बसून सावकाश जुना होतो. ज्या दिवशी तो पुरता जुना होतो त्या दिवशी पुढे येतो. मी हे सगळं कागदावर मांडून आईला दाखवलं. म्हटलं, एकदाच, एकाच वर्षी, जुनी बरणी खालच्या वहिनींना देऊन टाकू आणि नवी फोडू. पुढे कायम ताजं खाऊ. तिने कागद नीट वाचला, घडी घातली आणि बरणीच्या बुडाखाली ठेवला. बरणी डुगडुगत होती.

"जुनी संपू दे," ती म्हणाली.

या पौषात मी गुन्हा केला. रात्री अकरा वाजता घर झोपलं होतं. दुपारची अर्धी भाकरी उरली होती. फडताळाचं दार थोडं उचलून उघडलं की करकरत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. मागची बरणी ओढली, दादऱ्याची सुटगाठ सोडली. आत लाल रंग असा होता की दिव्याची गरजच नव्हती. वर तेलाचा पातळ थर, त्याखाली मेथीचा कडवट वास आणि लिंबाचा अजून मुरायचा असलेला आंबटपणा. चमचा वाजेल म्हणून बोटानेच काढलं. गेल्या वर्षीच्या रंजक्यात सगळं एकजीव होऊन गेलेलं असतं, सगळे एका सुरात बोलतात. याच्यात मिरची वेगळी बोलत होती, लिंबू मध्येच तोंड घालत होतं, मीठ थोडं पुढे पुढे करत होतं. मी ओट्याशी उभ्यानेच भाकरी संपवली. दादरा होता तसा बांधला. बरणी होती तिथे ठेवली. पुरावा शून्य.

आणि अंथरुणावर पडल्यावर, समाधानाने, डोळा चोळला.

सकाळी चहाला आई समोर बसली होती. माझा उजवा डोळा टोमॅटोसारखा झालेला. बायकोने विचारलं, "अहो, डोळे आलेत की काय?" मी म्हटलं, असतील, साथ आहे. मुलीने एकदा माझ्या डोळ्याकडे, एकदा माझ्या बोटाकडे पाहिलं आणि तुपाची बरणी माझ्यापुढे सरकवली. आई काही बोलली नाही. बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली. बायको आत गेल्याचं पाहून थोडी पुढे वाकली आणि हळूच म्हणाली,

"मीठ जास्त नाही ना रे झालं? मी अजून चाखला नाही."

"थोडं पुढे आहे," मी म्हटलं. "मुरेल."

"आणि लिंबू?"

"लिंबू फर्मास."

तिने मान डोलावली. मग फडताळाकडे एक नजर टाकून म्हणाली, "रात्री भाकरी एक जास्त टाकायला सांगते."